कोणत्या तालमीचे?

कोल्हापुरात 'कोणत्या तालमीचे?' असे कुणी विचारले, तर तो प्रश्न व्यायामाविषयीचा असतोच असे नाही. बहुधा नसतोच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल यांपैकी एक नाव घेणारा माणूस आपली गल्ली सांगत असतो, आपला गणपती सांगत असतो, आणि फुटबॉलचा हंगाम असेल तर शाहू स्टेडियमवर तो कुणाच्या बाजूने ओरडणार आहे तेही सांगत असतो. तालमींच्या नावांनी फुटबॉलचे संघ खेळतात असे दुसरे गाव आमच्या पाहण्यात नाही. या माणसाने आयुष्यात एखादा जोर काढलेला असेल वा नसेल. तालीम मात्र त्याची असते. ती निवडावी लागत नाही. जन्माबरोबर, किंवा फार तर भाड्याच्या खोलीबरोबर, ती आपोआप लागू होते.

आम्हीही अशाच एका तालमीच्या सावलीत वाढलो. वर्गणी दिली, आरत्या म्हटल्या, हरलेल्या सामन्यानंतर पंचांची यथेच्छ निंदा केली. आणि आता, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, मराठी शिकवण्याच्या नोकरीची तीन वर्षे उरली असताना, व्यायामासाठी जागा निवडत गावभर हिंडण्याची पाळी आमच्यावर आली. (हे 'आम्ही' निबंधलेखनाच्या जुन्या रिवाजातले आहे, त्याचा वजनाशी संबंध लावू नये. वजन बेताचेच आहे, आणि त्याचीच गोष्ट पुढे येणार आहे.)

कारण घरातलेच घडले. गेल्या पावसाळ्यात आई देवघरासमोर बसली आणि तिला उठता येईना. ती पडली नव्हती, कुठे दुखतही नव्हते. बसण्याची सवय जन्माची. उठण्याची ताकद मांड्यांतून कधी ओसरून गेली, ते घरात कुणाच्या ध्यानात आले नव्हते. आम्ही आणि पत्नी अशा दोघांनी तिच्या काखेत हात घालून तिला उचलले. पंचेचाळीस किलोंची आई. तिला उचलताना आमच्याही गुडघ्यांनी आवाज केला आणि एक हात भिंतीच्या आधाराला गेला. दुसऱ्या दिवशी आलेल्या फिजिओथेरपिस्टांनी आईला तपासले, आणि जाताना आम्ही खुर्चीवरून उठत होतो ते पाहून म्हणाले, "सर, तुमचीही सुरुवात झालीय."

तिशीनंतर दर दशकाला तीन ते आठ टक्के स्नायू माणूस गमावत जातो आणि साठीपुढे हा वेग वाढतो, असे वैद्यकाचे म्हणणे आहे. आम्ही वर्षानुवर्षे रंकाळ्याला फेरी मारतो. तेवढ्याने भागते अशी समजूत होती. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची मार्गदर्शक सूत्रे काढून वाचली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, हे पहिले कलम रंकाळा पुरे करतो. दुसरे कलम असे, की आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम हवा. आणि पासष्टीपुढच्यांनी तोल सांभाळण्याचे व्यायाम तीन दिवस करावेत. त्यासाठी काहीतरी उचलावे लागते. निदान स्वतःला तरी.

वजनाच्या काट्यावर विसंबून राहणाऱ्यांसाठी पुण्यातले एक उदाहरण फार बोलके आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही नेमका २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहाची ही खरी जमाखर्चाची वही. आमच्या वर्गातली अर्धी मुले आणि शिक्षककक्षातले जवळजवळ सगळे सहकारी त्या फोटोतल्या पुणेकरांच्या बाजूचे आहेत, हे नुसत्या डोळ्यांनी कळते.

जागा पाहण्याआधी शब्द पाहणे ही आमची व्यावसायिक खोड. 'तालीम' हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ शिकवण. उर्दूत आजही तालीम म्हणजे शिक्षणच. मराठीने मात्र या शब्दाला दोन वाटांनी नेले. एक वाट आखाड्यात गेली आणि दुसरी रंगभूमीवर. पैलवान तालमीत जातो आणि नटही तालमीला जातो. शिकवणारा तो वस्ताद, म्हणजे उस्ताद. दोन्हीकडे एकच गोष्ट पुनःपुन्हा करून अंगात मुरवायची असते आणि दोन्हीकडे चुकले कुठे ते पाहणारा एक डोळा लागतो. कोल्हापुरात तर या दोन अर्थांना शेजारही लाभला. शाहू महाराजांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आल्यावर बांधवून घेतलेले खासबाग मैदान १९१२ साली पुरे झाले, आणि त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले, तेच पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळाले तेव्हा झळ खासबागेच्या बाजूलाही पोहोचली.

'जिम' या शब्दाची कुळकथा ग्रीक आहे. 'जिम्नोस' म्हणजे उघडा. जेथे उघड्या अंगाने व्यायाम करतात ते जिम्नॅशियन. या ठिकाणी व्यायामाबरोबर वादविवादही चालत. प्लेटोची अकादमी आणि ॲरिस्टॉटलचे लायसियम या दोन्ही जागा मुळात अथेन्सच्या व्यायामशाळाच होत्या, आणि जर्मनीत आजही जिम्नॅशियम म्हटले की माध्यमिक शाळाच समजतात. म्हणजे कोणत्याही भाषेच्या दाराने आत गेले तरी शाळा लागतेच. मग निवड करताना शाळेला लावतो तीच कसोटी येथेही लावावी, असे आम्ही ठरवले. शिकवते कोण, आणि आपण आलो नाही तर ते कुणाच्या लक्षात येते?

पहिली जागा मुख्य रस्त्यावरची, काचेची, वातानुकूलित. नाव येथे देत नाही. तशा जागा आता प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. दारातच एका यंत्रावर उभे करून आमच्या हाती छापील चिठ्ठी देण्यात आली. तिच्यावर 'नॉर्मल' असे हिरव्या अक्षरांत लिहिले होते. (याज्ञिकांनाही हीच चिठ्ठी मिळाली असती.) मग समोरच्या तरुणाने दरपत्रक ठेवले. एका महिन्याचे १,८०० रुपये, वर्षाचे एकदम भरले तर ९,६००, आणि आज संध्याकाळपर्यंत भरले तर दोन महिने फुकट. खाली बारीक अक्षरांत १८ टक्के जीएसटी वेगळा. व्यायामशाळांवरचा हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला आहे, हे आम्ही नम्रपणे निदर्शनास आणून दिले. तो म्हणाला, "सर, बोर्ड जुना आहे, तुम्हाला ॲडजस्ट करून देतो." आमचे वय काय, औषधे कोणती चालू आहेत, येथे कशासाठी आलो, यांतले काहीही त्याने विचारले नव्हते.

आम्ही विचारले, "तीन महिन्यांनी आम्ही येणे बंद केले, तर कुणाला कळेल?"

"ॲपवर नोटिफिकेशन येते ना, सर."

"कुणाला?"

"तुम्हालाच."

त्या मुलाचा दोष काही नाही. त्या धंद्याचे गणितच गैरहजरांवर उभे असते. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन व्यायामकेंद्रांतल्या ७,७५२ सभासदांच्या हजेरीची तीन वर्षांची नोंद तपासून २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. महिन्याला सत्तर डॉलरहून जास्त वर्गणी भरणारे लोक महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते. म्हणजे एका फेरीला त्यांना सतरा डॉलरहून जास्त पडत होते. दहा फेऱ्यांचा पास घेतला असता तर तीच फेरी दहा डॉलरला पडली असती. माणूस वर्गणी भरतो तेव्हा आजच्या आपल्यासाठी भरत नाही; उद्यापासून पहाटे उठणाऱ्या एका काल्पनिक गृहस्थासाठी भरतो. वाङ्मयात अशा पात्राला आपण आदर्शवादी म्हणतो, हिशेबाच्या वहीत त्याचे नाव निव्वळ नफा.

हे वाचून हसू आले, आणि लगेच ओसरले. आमच्या महाविद्यालयांचे तरी वेगळे काय आहे? ऐंशी नावांच्या पटावर तीस मुले बसलेली असतात. सगळे एकदम आले तर बाके पुरणार नाहीत, हे आम्हा सर्वांना ठाऊक असते. फी भरलेली असते, हजेरी पुढे कशीतरी जुळते, आणि न येणाऱ्या मुलाचा चेहरा त्याच्या प्राध्यापकाला आठवत नाही. तेव्हा या प्रश्नावर काचेच्या दाराआडच्या पोराला अडवण्याचा अधिकार आम्हाला कितपत आहे, कोण जाणे. पण प्रश्न खरा आहे.

दुसरी जागा तळघरात होती. कोल्हापुरात तळघरातली कोणतीही जागा पाहताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आले होते? २०२१ च्या जुलैमध्ये? पंचगंगेने शाहूपुरी, लक्ष्मीपुरीच्या अंगाला दोन वर्षांच्या अंतराने दोनदा हात लावला, तो काही विसरण्याजोगा नाही. येथे यंत्रांचे पाय फूटभर उंचीपर्यंत गंजलेले होते. उत्तर विचारण्याआधीच मिळाले. खिडकी नव्हती. सायंकाळी सहा वाजता, म्हणजे आम्ही येऊ शकू त्याच वेळी, आत पस्तीस माणसे होती आणि हवा एकट्या पंख्याच्या भरवशावर होती. (सकाळी अकराला गेले तर कोणतीही व्यायामशाळा प्रशस्त वाटते. आपल्या वेळेला जाऊन पाहावे.)

तेथे आम्ही एक गंभीर चौकशी केली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार व्यायामानंतर अस्वस्थ वाटू लागून वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेले, तेव्हा सीमेलगतच्या या गावातही तो विषय पुष्कळ दिवस निघत होता. एखाद्याचे हृदय थांबले तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीवर दाब देत राहण्याची क्रिया तेथील प्रशिक्षकाला येते का, हे आम्हाला जाणून घ्यायचे होते. त्या क्रियेचे लघुनाम वापरून आम्ही विचारले, "सीपीआर येते का हो कुणाला इथे?" त्याने अदबीने उत्तर दिले, "सीपीआर? टाऊन हॉलजवळ, सर. रिक्षाने दहा मिनिटं." कोल्हापूरकराला सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, दुसरे काही नाही. उत्तर चूक म्हणता येत नव्हते.

भिंतीला लावलेल्या काचेच्या कपाटात प्रथिनांच्या भुकटीचे डबे ओळीने मांडले होते. एका डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक शोधला. त्या जागी नुसती सोनेरी नक्षी होती. कपाटाकडे पाहताना गंगावेशीतला दूधकट्टा आठवला, जेथे म्हैस समोर बांधलेली असते आणि धार काढून पेला हातात मिळतो. पैलवानाचा खुराक म्हणजे ते दूध आणि तालमीत वाटलेली बदामाची थंडाई. त्यात काय आहे ते निदान दिसते. आमच्या साखरेला दोन्हीही पेलवणारे नाहीत, ही गोष्ट वेगळी.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही एका जुन्या तालमीत गेलो. फुटबॉलवाल्या नव्हे, जेथे माती अजून रोज उकरली जाते अशा. ओळखीच्या एका माजी विद्यार्थ्याने नेले. बाहेर अंधार होता आणि आत वीस-पंचवीस पोरे घामाने निथळत होती. कोनाड्यात मारुती, बाजूला टांगलेला दोर, भिंतीला टेकवलेले मुद्गल, मधे हौदा. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असे काय काय घालून ती माती सांभाळतात. प्रत्येक तालमीचे प्रमाण निराळे आणि प्रत्येकाला आपलेच खरे वाटते. त्या मातीचा वास नाकात शिरल्याबरोबर आमचा टीकाकार जागा राहीना, हे येथेच नमूद करतो.

कोल्हापूरच्या तालमी कशा निवडल्या जात, हे पाहण्यासारखे आहे. १९५९ सालचे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे सीमाभागातल्या एकसंब्याहून येऊन शाहूपुरी तालमीचे झाले. १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर शिराळ्याकडच्या पुनवतचे, ते मोतीबाग तालमीत आले. पोर वस्तादाचे नाव ऐकून यायचे, आणि ठेवायचे की नाही ते वस्ताद ठरवायचा. निवड दोन्ही बाजूंनी व्हायची. एकदा ठेवून घेतले की पोराच्या खाण्याझोपण्यापासून लग्नापर्यंतची काळजी, आणि तितकाच जाच, वस्तादाचा. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याची जबाबदारी कुठवर घ्यावी, याची आमच्या गावातली सर्वांत पुढची हद्द एका प्राचार्यांनी आखून ठेवली आहे. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला. ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी आणलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक. आमच्या शिक्षककक्षात ही गोष्ट दरवर्षी सांगितली जाते आणि दरवर्षी त्यानंतर थोडी शांतता पसरते.

वस्तादांनी आम्हाला नखशिखांत पाहिले. सत्तरीचे असावेत; पाठ ताठ, कान चेपलेले. काय करता, कुठे शिकवता, साखर आहे का, रक्तदाब आहे का, घरी कोण कोण, एवढे विचारून झाल्यावर म्हणाले, "बसा की खाली, सर." बसलो. "आता हात न टेकता उठा बगू." आम्ही एक हात जमिनीला आणि एक गुडघ्याला लावून उठलो. वस्ताद म्हणाले, "दोन आधार घेतलासा." आणि बोटांवर मोजून दाखवले.

ब्राझीलमधील डॉक्टर क्लॉडिओ जिल आराउजो यांनी नेमकी हीच चाचणी ५१ ते ८० वर्षे वयाच्या २,००२ लोकांवर करून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. जमिनीवर बसायचे आणि उठायचे. टेकवलेल्या प्रत्येक हातागुडघ्यागणिक दहातला एक गुण वजा. ज्यांचे गुण कमी, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतले मृत्यूचे प्रमाण कितीतरी जास्त आढळले. वस्तादांनी तो निबंध वाचलेला असण्याचा संभव नाही. बैठक या शब्दातच बसणे आहे. उठणे त्यात गृहीत धरलेले आहे. आईच्या बाबतीत हे गृहीतकच निसटले होते.

त्यांनी आम्हाला घ्यायला नकार दिला. "माती ह्या वयात नगो, सर. पोरं अंगावर येत्यात, गुडघा गेला तर परत येत न्हाई. बैठका मारा, पर घरात, खुर्ची मागं ठेवून." पैशाचा विषय त्यांनी काढला नाही आणि आम्ही काढला तेव्हा हात झटकला. तीन दिवसांत भेटलेल्या माणसांपैकी 'ही जागा तुमच्यासाठी नव्हे' असे सांगणारे हे एकटेच. आम्हाला तेथेच नाव घालावेसे वाटले, ते त्यामुळेच.

घरी येऊन हे सगळे भारावून सांगत असता पत्नीने मधेच विचारले, "अहो, आणि मी कुठे जायचे?"

या प्रश्नाला जुन्या तालमीकडे उत्तर नाही. मारुती ब्रह्मचारी, माती पवित्र, आणि बाईने हौद्याची पायरी चढायची नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. ती सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. आमच्या जिल्ह्यातल्या मुलीही आता कुस्तीत पुढे आहेत, पण त्या बहुतेक गादीवर आणि नव्या केंद्रांत घडलेल्या. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी दहा खंडांत सिद्ध केलेला 'व्यायामज्ञानकोश' आम्ही ग्रंथालयात वारंवार चाळतो. मराठीत एवढे मोठे काम त्या विषयावर दुसरे नाही. त्याचे खंड मांडून बसलो असतानाही पत्नीचा प्रश्न टेबलावर तसाच होता. रजोनिवृत्तीनंतर बायकांची हाडे पुरुषांपेक्षा वेगाने विरळ होतात. वजन उचलण्याची गरज घरात कुणाला अधिक असेल तर ती तिला आहे. तालमीवर आम्ही लेख लिहू शकतो. ती तेथे पाऊल ठेवू शकत नाही. येथे आमचा भारावलेपणा उतरला, तो उतरलाच.

शेवटी जी जागा ठरली ती तिनेच शोधली. पेठेत, किराणा दुकानाच्या वर, अरुंद जिन्याची. आरसा एका कोपऱ्यात तडकलेला, स्वच्छतागृह एकच पण धुतलेले, गाणी मात्र नको तितकी मोठ्याने. चालवणाऱ्या बाई पूर्वी कबड्डी खेळलेल्या, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेल्या. त्यांनी आम्हा दोघांना बाकावर बसवून वही उघडली. औषधे, जुनी दुखणी, शस्त्रक्रिया, झोप, सगळे लिहून घेतले. मग विचारले, "तुम्हाला काय करता यायला हवंय?" हा प्रश्न तीन दिवसांत प्रथमच आमच्या कानी पडला. आम्ही म्हणालो, "देवघरासमोर बसून आधाराशिवाय उठता यायला हवे." पत्नी म्हणाली, "गॅसचा सिलिंडर कुणाला हाक न मारता सरकवता आला पाहिजे." बाईंनी दोन्ही वाक्ये वहीत जशीच्या तशी उतरवली. छातीवर दाब देण्याची क्रिया त्यांना येत होती. कुठे शिकल्या तेही त्यांनी सांगितले.

आम्ही वर्षाचे पैसे विचारले. त्या म्हणाल्या, "वर्षाचं घेत नाही मी. महिन्याचं द्या. नाही जमलं तर पुढच्या महिन्याला येऊ नका." ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा, १९१५ हा तक्रारीचा क्रमांक, परताव्याच्या अटी, हे सगळे आम्ही कागदावर टिपून नेले होते. ते तसेच खिशात राहिले. बाईंच्या व्यवहारात परतावा मागण्यासारखे काही शिल्लकच राहत नव्हते. हा त्यांचा धर्मादाय आहे असेही नव्हे. जागा लहान, पंचवीस माणसांपलीकडे मावत नाहीत. गैरहजरांवर चालवायचे म्हटले तरी त्यांना परवडणारे नाही. तेव्हा भल्या स्वभावाइतकेच श्रेय लहान खोलीलाही दिले पाहिजे.

सात आठवडे झाले. पाच किलोचे डंबेल छातीशी धरून बाकावरून उठणे, दोर ओढणे, भिंतीला हात लावून जोर. तेराव्या दिवशी परीक्षेच्या पेपरतपासणीमुळे जाणे झाले नाही, चौदाव्या दिवशीही. पंधराव्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला, "सर, बरं आहे ना?" एवढेच. महाविद्यालयात गेल्यावर आम्ही तृतीय वर्षाच्या पटातली तीन नावे काढून त्यांना फोन केले. एकाने उचलला. तो गुळाच्या गुऱ्हाळावर कामाला जात होता.

आईला तो जिना चढवत नाही. बाईंनी तिच्यासाठी कागदावर चार व्यायाम लिहून दिले. ओट्याला धरून टाचा उचलणे, खुर्चीवरून दहा वेळा उठणे, असे काही. आईने चष्मा लावून तो कागद वाचला, ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका पेनने दुरुस्त केल्या आणि फ्रिजवर लावला. सध्या ती रोज आठ वेळा उठते. दहा का नाही, असे विचारले तर म्हणते, "अरे, पैसे तुम्ही दोघांनी भरलेत. मी कुठे भरलेत?"